सरपणाची जुनी ट्रॉली

कऱ्हाटीत वलीम्याच्या डेगांखाली अजून बाभळीचंच सरपण लागतं. ते आणायला आम्ही ऊस वाहून थकलेली दोन चाकी ट्रॉली घेतली. पोरांना आधी रंग हवा होता. आम्ही आधी चाकं उचलायला लावली. हाताने फिरवताना एक खरखरलं, म्हणजे बेरिंग गेलेलं. तळाचा कुजका पत्रा बदलला. हुकाची झिजलेली पिन टाकून नवी घातली, जोडीला साखळी. पिन निसटली तरी ट्रॉली सुटत नाही. ओले ओंडके पुढच्या अंगाला रचायचे, सगळं वजन मागे गेलं की हुक वर उचलतो. सर्वांत कमी खर्च मागच्या लाल रिफ्लेक्टरचा. लोक तिथे शायरी लिहितात! गळीत हंगामात बारामती-इंदापूर रस्त्यावर अंधारात उभी ट्रॉली मोटारसायकलवाल्याला दिसत नाही. रंग राहिलाय, ईदनंतर पाहू.