काम थांबविण्याचा अधिकार

दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन साजरा होतो. कारखान्यांच्या फाटकांवर फलक लागतात, सामुदायिक शपथा घेतल्या जातात, घोषवाक्यांच्या स्पर्धांत बक्षिसे वाटली जातात. या साऱ्या सोहळ्याचा गाभा एकाच उपदेशात सामावलेला असतो : कामगाराने सावध राहावे. म्हणजे मृत्यूचे उत्तरदायित्व, मृत्यू येण्यापूर्वीच, मरणाऱ्याच्या नावे मांडून ठेवले जाते.

वस्तुस्थिती काय सांगते? १३ जून २०१२ रोजी विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यात ऑक्सिजन-यंत्रणेच्या चाचणीच्या वेळी स्फोट होऊन १९ जणांचा बळी गेला. १२ जून २०१४ रोजी भिलाईत पाण्याचा दाब घसरला आणि जो विषारी वायू त्या दाबाने अडून राहावयाचा तो उलट पंपघरात शिरला. सहा जण दगावले. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. त्याच भिलाईत ऑक्टोबर २०१८ मध्ये कोक भट्टीच्या वायुवाहिनीची दुरुस्ती चालू असताना आग भडकली व दहाहून अधिक माणसे गेली. या तीन घटनांत कोणाच्या शिरस्त्राणाचा पट्टा सुटला होता, हे उपदेशकांनी सांगावे.

हे दोन्ही कारखाने सार्वजनिक क्षेत्रातील आहेत, ही गोष्ट आपण समाजवाद्यांनी झाकून ठेवण्याचे कारण नाही. मालकी राष्ट्राची झाली तरी व्यवस्थापकाची पारख केवळ टनांवर होत असेल, तर भट्टीपुढच्या माणसाला त्या मालकीचा लाभ काय? देखभालीचा खर्च आज दिसतो. तो टाळल्याचे परिणाम उद्या दिसतात, आणि तेही बहुधा दुसऱ्याच्या घरात. हिशेबाची ही रीत खाजगी भांडवलाने घालून दिली. सार्वजनिक क्षेत्राने ती निमूटपणे उचलली.

अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके सांगतात की, धोक्याच्या कामाला अधिक मजुरी मिळते, सबब कामगार धोका स्वखुशीने पत्करतो. हा सिद्धांत शिकविणाऱ्याने एकदा कारखान्याच्या मागच्या फाटकाशी उभे राहावे. टाक्यांत उतरणे, गाळ उपसणे, वायुवाहिन्या उघडणे ही कामे कंत्राटी कामगाराच्या वाट्याला येतात आणि त्याची मजुरी कायम कामगाराहून कमी असते. ज्याला नकार देण्याची मुभा नाही, त्याच्या होकाराला संमती म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे.

आणि ही मुभा कायद्यानेही दिलेली नाही. भोपाळमध्ये १९८४ साली वायुकांड घडले. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत कामगार व व्यवस्थापन यांचे समसमान प्रतिनिधी असलेल्या सुरक्षा समित्या आल्या; धोक्याची सूचना देण्याचा अधिकारही कामगाराला मिळाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. तिच्यातही कामगाराने धोका कळवावा, मालकाने उपाय करावा आणि मतभेद झाल्यास निरीक्षकाचा निर्णय अंतिम मानावा, एवढीच वाट आहे. निरीक्षक येईपर्यंत काम चालूच! उलट, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या सुरक्षाविषयक करारात, प्राणसंकटाच्या वाजवी शंकेने कामावरून दूर झालेल्या कामगाराला संरक्षण देण्याचे तत्त्व स्पष्ट नमूद आहे.

असा अधिकार दिला तर उत्पादन ठप्प होईल, अशी ओरड होईल. रेल्वेकडे पाहावे. रुळाला तडा दिसला तर साधा कीमन लाल झेंडी दाखवून भरधाव गाडी थांबवितो. त्यासाठी त्याला कोणाची लेखी परवानगी लागत नाही, आणि त्यामुळे रेल्वे बुडालीही नाही. झोतभट्टी नळासारखी बंद करता येत नाही, हे खरे. पण वायूची पातळी वाढताच तेथून माणसे हलविता येतात, आणि हा हुकूम देण्याचा हक्क पाळीवरच्या माणसालाच असला पाहिजे.

आता थोडे आपल्याच संघटनांविषयी. अपघातानंतर वारसाला नोकरी आणि भरपाई मिळवून देणे आवश्यक आहेच. परंतु तेवढ्यावर आपण समाधान मानू लागलो, तर मृत्यूचा भाव ठरविणारे मध्यस्थ एवढीच आपली योग्यता उरेल. जालन्याच्या पोलाद गिरण्यांत, तळोज्यात वा चंद्रपुरात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी पुढील मागणीपत्रात वेतनवाढीच्या बरोबरीने तीन कलमे घालावीत : सुरक्षा समितीत कंत्राटी कामगारांचे निवडून आलेले प्रतिनिधी, पगार न कापता, ठेका न तोडता धोक्याचे काम थांबविण्याचा अधिकार, आणि प्रत्येक अपघाताचा चौकशी अहवाल कामगारांच्या भाषेत फाटकावर लावण्याचे बंधन.

यांपैकी एकही कलम मालक राजीखुशीने मान्य करणार नाही. रविवारची सुट्टीदेखील नारायण मेघाजी लोखंड्यांच्या काळी, १८९० साली, झगडूनच मिळवावी लागली होती.