नाद सुटतो तो असा

परवा शनिवारी ताईकडे गेलो होतो. भाची दुसरीत आहे. वही उघडून मुसमुसत बसली होती. ध्वनिदर्शक शब्दांच्या प्रश्नात तिने 'पावसाची टणटण' लिहिलं होतं आणि त्यावर भली मोठी लाल फुली. बरोबर उत्तर काय, तर रिमझिम.

"पण मामा, आपल्याकडे टणटणच वाजतो ना?"

खरंच की! तिच्या खिडकीवर पत्रा आहे.

शाळेत मीपण पानांची सळसळ, विजांचा कडकडाट, नाण्यांचा छनछनाट ही यादी पाढ्यांसारखी घोकली. मार्क मिळाले, पण कवितेचा नाद सुटला तो सुटलाच. पोरीचंही तेच होणार असं वाटलं, म्हणून खेळत बसलो.

विचारलं, किणकिण आणि घणघण, यातली मोठी घंटा कुठली? क्षणात उत्तर, "घणघण! तोंडच मोठं होतं." मग फडफड आणि फडफडाट. 'ती' फडफड चिमणीची, 'तो' फडफडाट घारीचा. शेवटी 'आट' लागला की आवाज वाढतो, हे तिनेच शोधलं. व्याकरण फुकटात! आवाज आणि आकार आपण मनात जोडतोच. वोल्फगांग कोलर या मानसशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये 'टाकेटे' आणि 'बालुबा' या निरर्थक शब्दांवरून तेच दाखवलं होतं. टाकेटे म्हटलं की लोक टोकदार आकृती निवडतात, बालुबा म्हटलं की गोलसर.

म्हणजे कवितेवर बोलायला लागणारं भांडवल मुलांकडे आधीपासून असतं. आपण मात्र सात वर्षांच्या पोराला विचारतो, 'कवीला काय सांगायचे आहे?' अहो, ते मलाही येत नाही! त्याऐवजी विचारा, कवीने रिमझिम का म्हटलं? तिथे धो धो टाकून वाचून बघ, काय बिघडतं? यावर कुठलंही मूल तावातावाने बोलेल. कवितेची चर्चा म्हणजे दुसरं काय असतं?

परीक्षेसाठी ठरलेले शब्द यायला हवेत, मान्य. रिमझिम जरूर शिकवा. पण टणटणवर फुली मारू नका. ती पोर वर्गात बसून घरचा पाऊस ऐकत होती हो...

निघताना वही पाहिली. फुलीच्या बाजूला पेन्सिलने एक शब्द वाढवला होता : 'पत्र्यावर'.

आता द्या मार्क!