कारखान्यातील घरे आणि पुरवठ्याची साखळी

नवी मुंबईत बामणडोंगरी येथे सिडकोने २०२२ साली ९६ दिवसांत ९६ सदनिकांची इमारत उभी केली. भिंती, स्लॅब, जिने आधी कारखान्यात ओतायचे आणि जागेवर आणून जुळवायचे, ही पद्धत घराच्या प्रतीक्षेत आयुष्य काढणाऱ्या श्रमिकांच्या हिताचीच आहे. यंत्र आले म्हणून नाक मुरडणे हे समाजवाद्यांचे काम नव्हे. परंतु या वेगाची दुसरी बाजूही कार्यकर्त्यांनी समजून घेतली पाहिजे.

पारंपरिक बांधकामात एका भट्टीची वीट आली नाही, तर गवंडी दुसऱ्या भट्टीची वापरतो. कारखानदारीत तसे होत नाही. प्रत्येक तुकडा ठरावीक साच्यातला, त्याचे सांधेही ठरलेले. एक साचा निकामी झाला वा जोडणीचा एक भाग वाटेत अडला, की शेकडो घरांचे काम थांबते. माणूस हाही या साखळीचा दुवाच. मार्च २०२० च्या टाळेबंदीत मजूर पायी गावाकडे निघाले, तेव्हा सिमेंट गोदामात पडून होते, हात नव्हते.

केंद्र सरकारने १ जानेवारी २०२१ रोजी सहा शहरांत नव्या तंत्राच्या पथदर्शी गृहप्रकल्पांची पायाभरणी केली. मुदत बारा महिन्यांची होती. मध्ये कोविडची दुसरी लाट आली; चेन्नईतील ११५२ घरांचे उद्घाटन मे २०२२ मध्ये, तर राजकोटचे ऑक्टोबरमध्ये झाले.

सारी साखळी एकाच भांडवलदाराच्या हाती दिली म्हणजे ती बळकट होते, हाही भ्रमच. अमेरिकेतील कटेरा कंपनीने कारखान्यांपासून बांधकामापर्यंत सर्व काही स्वतःकडे घेतले आणि जून २०२१ मध्ये दिवाळे काढले. इंग्लंडमधील इल्के होम्स जून २०२३ मध्ये बुडाली. सुमारे हजार कामगार बेकार झाले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने प्रश्न सरळ आहे. राखीव साठा, पर्यायी पुरवठादार, जादा साचे यांचा खर्च कारखानदाराला करावा लागतो. लाभ मात्र समाजाला होतो. म्हणून बाजार तो आपण होऊन करणार नाही. साठा कमी ठेवून वाचलेला पैसा नफ्यात जमा होतो. साखळी तुटली की भुर्दंड पडतो तो भाडे आणि कर्जाचा हप्ता एकाच वेळी भरणाऱ्या कुटुंबावर, आणि बसून राहिलेल्या रोजंदार मजुरावर.

यावर उपाय परवान्यांचे राज्य हा नव्हे. सिमेंट-नियंत्रणाचे विकृत रूप महाराष्ट्राने १९८० च्या सुमारास पाहिलेच आहे. सार्वजनिक गृहयोजनांच्या निविदांतच तीन अटी असाव्यात. पहिली, १०० मिलिमीटरच्या मूळ मानावर आधारलेली समान मापे आणि खुले सांधे, म्हणजे एका कारखान्याचा तुकडा दुसऱ्याला पुरवता येईल. दुसरी, महत्त्वाच्या प्रत्येक मालाचे किमान दोन पुरवठादार आणि ठरावीक राखीव साठा. त्याची किंमत सरकारने उघडपणे मोजावी. तिसरी, काम थांबलेल्या दिवसांची मजुरी आणि मजुरांच्या निवासाची हमी.

याने घर थोडे महाग होईल, हे लपविण्यात अर्थ नाही. पण तो खर्च आज सर्वांनी वाटून घ्यायचा, की उद्या सर्वांत दुर्बळाच्या माथी मारायचा, एवढाच निर्णय आहे. गृहनिर्माणाच्या आघाडीवर काम करणाऱ्या साथींनी तो निविदा निघण्यापूर्वीच मागून घेतला पाहिजे. कारखाना बंद पडल्यावर काढलेल्या मोर्चाने घर पुरे होत नाही.