मुलीला प्रबोधिनीत पाठवावे का?

गेल्या महिन्यात मुरूडच्या अलीकडच्या एका बौद्धवाडीतून आमच्या नात्यातल्या एक वहिनी संध्याकाळच्या एसटीने घरी आल्या. पिशवीत दोन कागद होते. एक शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीच्या प्रवेशाचा, दुसरा शहरातल्या एका खासगी अकादमीचा. मुलगी नववीत आहे. शालेय स्पर्धेत १५०० मीटर धावण्यात यंदा ती राज्यापर्यंत गेली. शाळेचे मैदान म्हणजे पुढचे पटांगण. पोरगी सराव करते ती ओहोटीला, समुद्राच्या ओल्या घट्ट वाळूवर. सर म्हणतात, इथे राहून वेळ यापुढे कमी व्हायची नाही. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, पुढच्या वर्षी दहावी. आत्ता शाळा बदलायची का? तुम्ही सांगाल तसं करू."

खासगी अकादमीचा कागद मी आधी बाजूला ठेवला. त्यावर ‘अर्धी फी माफ’ असे मोठ्या अक्षरांत होते. उरलेली अर्धी, खाणे, बूट, स्पर्धांचा प्रवास हे सगळे मांडून बेरीज केली. (कॉमर्स शिकल्याचा एवढा तरी उपयोग.) वहिनी पर्यटकांच्या लॉजवर साफसफाईला जातात. त्यांच्या वर्षाच्या पगारात ती बेरीज बसत नव्हती. "बचत गटातून उचलू," त्या म्हणाल्या. मी स्पष्ट नाही म्हटले. पोरगी धावेल आणि तिच्या मागे हप्ता धावेल. एखादी शर्यत हरली तर तिला घरी फोन करायचीही भीती वाटेल.

प्रबोधिनीची गोष्ट वेगळी. १९९६ पासून शासन ही योजना चालवते. पुण्याजवळ बालेवाडीला १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी जे मोठे संकुल उभे राहिले, तिथे एक केंद्र आहे. नाशिक, कोल्हापूर, अकोला इथेही आहेत. निवासी मुलांचे राहणे, जेवण, शिक्षण आणि प्रशिक्षण यांचा खर्च शासनाकडे. सुरुवातीला ८ ते १४ वर्षांची मुले शारीरिक चाचण्या घेऊन निवडत. राज्य-राष्ट्रीय स्पर्धा खेळलेल्या मोठ्या मुलांनाही वाट असते. त्या त्या वर्षीच्या अटी जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारून घ्याव्यात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला वडिलांनी २००९ मध्ये या योजनेत घातले. नेमबाजी त्याने वर्षभराने निवडली. २०१५ मध्ये तो रेल्वेत नोकरीला लागला आणि २०२४ ला पॅरिसमध्ये त्याने कांस्यपदक घेतले. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे वैयक्तिक पदक ७२ वर्षांनी आले. मात्र गावातून प्रबोधिनी आणि प्रबोधिनीतून पदक यांत १५ वर्षे गेली, हेही मी वहिनींना सांगितले.

मी आठवीत असताना आमच्या शाळेतही अशा चाचणीचे पत्र आले होते. ते कार्यालयातल्या खणात पडून राहिले आणि तारीख उलटल्यावर सापडले. मी काही ऑलिंपिकला गेलो नसतो, शंभर मीटरला तिसरा यायचो. पण कुणीतरी घड्याळ लावून माझी वेळ घेतली नाही, ती नाहीच. आज मी स्वतः टपाल नोंदवतो. मुलांच्या नावाचा कागद आला की जेवणाची सुट्टी सोडून तो आधी पुढे पाठवतो.

आपल्या माणसांनी मैदान कसे गाठले ते विसरू नये. पळवणकर बाळू पुण्यात साहेबांच्या जिमखान्यावर खेळपट्टी राखत आणि सरावात गोलंदाजी टाकत मोठे झाले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र त्यांना कधी दिले नाही. आज शासनाचा छापील अर्ज आपल्या वाडीत येतो.

मग अडचण कसली? वहिनी आधी म्हणाल्या, "पोरीची जात, लांब कशी ठेवायची?" बऱ्याच वेळाने खरे बाहेर आले. त्या सकाळी सातला कामावर जातात, नवरा मुंबईला. पाणी भरणे, भात टाकणे, धाकट्या भावाला शाळेत धाडणे हे सगळे ही मुलगी धावून आल्यावर करते. ती गेली की घर अडते. भाऊ किती वर्षांचा, मी विचारले. अकरा. अकरा वर्षांच्या मुलाला भात लावता येत नाही? मुलगीच ना, असे म्हणून तिला घरात अडकवणारे आपल्या घरांतही आहेत, आणि ते विहारात पहिल्या रांगेत बसतात.

वहिनींचा दुसरा प्रश्न जास्त खरा होता. "पाय दुखावला तर?" तिथे जाणाऱ्या बहुतेक मुलांना पदक मिळत नाही, काही दुखापतीने परततात. म्हणून दहावी सोडायची नाही. दहावीची शाळा कोणती, माध्यम कोणते, सरावातून अभ्यासाला किती तास मिळतात, हे स्वतः जाऊन बघायचे. मुलींच्या वसतिगृहात रात्री बाई अधीक्षक असते का, तेही. क्रीडा प्रमाणपत्रांची मूळ प्रत घरी, झेरॉक्स मुलीजवळ. शाळा बदलताना ही फाईल हरवली की दहावीच्या सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव अडतो, आणि पुढे शासकीय नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणासाठी पडताळणीला तेच कागद लागतात. जातीचा दाखलाही जायच्या आधी काढायचा. त्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा रहिवास दाखवावा लागतो. आजोबांच्या शाळेचा उतारा गावातच मिळणार, पुण्यात नाही.

निवड झाली नाही तर? तर दहावी इथेच, वाळू आहेच. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, ५ महार रेजिमेंटमध्ये. स्पर्धेचे धावणे त्याने तिथे सुरू केले आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचे रौप्य घेतले. पंधराव्या वर्षी सगळे संपत नाही.

एक चूक मीही केली. तासभर आम्ही दोघेच बोललो, मुलीला कुणी विचारलेच नव्हते. फोन लावला. ती म्हणाली, "काका, मला जायचंय. पण आईला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

परवा अर्ज नेहुलीच्या क्रीडा संकुलात देऊन आलो, पोच घेतली. आजोबांचा शाळेचा उतारा मिळाला, नाव अर्धवट आहे, त्याच्या दुरुस्तीसाठी सोमवारी पुन्हा जायचे आहे. धाकट्याने पहिला भात करपवला, दुसरा बरा झाला असे वहिनी सांगत होत्या.