पायपेटीवर मोरिकोने

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून दहा वाघिणींची गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूर स्थानकात शिरली आणि देशभरच्या वाहिन्यांना लातूर नकाशावर कुठे आहे ते कळले. सर्जिओ लिओनेचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ हा १९६८ चा चित्रपट लातूरकराला समजावून सांगावा लागणार नाही. ओसाड माळ, येऊ घातलेला लोहमार्ग आणि पंचक्रोशीत पाणी असलेला जमिनीचा एकच तुकडा. सगळा रक्तपात त्या तुकड्यासाठी. आरंभी तीन मारेकरी एका आडस्थानकावर गाडीची वाट पाहत बसलेले दिसतात. बराच वेळ संगीत नाहीच. करकरणारी पवनचक्की, एक चिवट माशी आणि टोपीवर ठिबकणारे पाणी. टोपीवाला ते साठू देतो आणि शेवटी पिऊन टाकतो. गाडी येते, निघून जाते आणि मग रुळांपलीकडून माउथ ऑर्गनचे कण्हणे ऐकू येते.

हे संगीत एन्निओ मोरिकोनेचे. ते नांदेड-लातूरच्या पेटीवादकांनी मनावर घ्यावे, त्याची पेटीसाठी आणि ऑर्गनसाठी नीट बांधणी करावी, असे सुचवले तर काही जण हसतील. अभंग आणि नाट्यपदे सोडून हे काउबॉयचे खूळ कशाला, असेही विचारतील. प्रश्न रास्त आहे, पण त्यामागचे गृहीतक कच्चे आहे. या संगीताला आणि या वाद्याला आपण समजतो तेवढे परके मानायचे कारण नाही.

मुळात ज्याला ‘अमेरिकन’ सूर म्हणतात तो घडवणाऱ्यांत बाहेरचेच फार. मोरिकोने पक्का रोमचा. लिओनेचे बरेचसे वाळवंट स्पेनमधल्या अल्मेरियाचे. ‘हाय नून’ला संगीत देणारा दिमित्री टिओमकिन युक्रेनमध्ये जन्मला. ‘बिली द किड’ आणि ‘रोडिओ’ या बॅलेंतून विस्तीर्ण गवताळ मैदानांचा नाद निर्माण करणारा आरन कोपलंड न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला, स्थलांतरित ज्यू कुटुंबातला मुलगा. रोमच्या माणसाने न राहिलेल्या मुलखाचे संगीत रचले तर ती कला ठरते. मग औशाच्या किंवा कंधारच्या माणसाने ते वाजवले तर नक्कल का ठरावी?

आपणही हे सूर कधीचेच पचवले आहेत. १९५६ च्या ‘सीआयडी’त ओ. पी. नय्यर यांनी मुंबईची थोरवी आणि थट्टा एकदमच गाऊन घेतली, ती ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’ या जुन्या अमेरिकन गाण्याच्या चालीवर. याच गाण्याच्या नावाने जॉन फोर्डने १९४६ मध्ये आपला गाजलेला वेस्टर्न काढला होता. जिल्हा परिषदेच्या शाळांतून पोरे बेंबीच्या देठापासून ‘हम होंगे कामयाब’ म्हणतात, ती चाल अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या लढ्यातून आली. आणि ‘शोले’? जयच्या माउथ ऑर्गनची धून भानू गुप्तांनी वाजवली आणि ती ऐकताना कुणाला परकेपणा जाणवला नाही. माउथ ऑर्गन, पेटी आणि पायाने भाता मारायचा ऑर्गन या तिघांचे तत्त्व एकच: पितळी पट्टी हवेने थरथरते आणि सूर निघतो.

त्यातल्या पायऑर्गनची गोष्ट तर अधिकच जवळची. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँने १८४२ मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. त्यात भात्याने हवा बाहेर ढकलली जाते. अमेरिकन कारागिरांनी उलटे केले, हवा आत ओढून घेतली आणि सुराला मऊपणा आला. व्हरमाँट राज्यातल्या ब्रॅटलबरो गावच्या एस्टी कंपनीने असे पाच लाखांहून अधिक ऑर्गन बनवले. ते तिकडच्या बैठकीच्या खोल्यांत आणि लहान चर्चमध्ये गेले. त्यांवर भक्तिगीते आणि स्टीफन फॉस्टरची गाणी वाजली. याच जातीचा ऑर्गन मराठी संगीत नाटकाने आपला मानला. बालगंधर्वांच्या साथीला थिरकवांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी होती, तसा हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन होता. पुढे गोविंदराव पटवर्धनांनी पेटीइतकीच हुकमत ऑर्गनवर दाखवली. म्हणजे अमेरिकन खेड्यातले वाद्य आपल्याकडे आले, त्याची गाणी मात्र तिकडेच राहिली.

मराठवाड्याला पेटीचे वावडे कधीच नव्हते. आप्पा जळगावकर जालन्याकडचे. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात कीर्तनाला पेटी असते, गावोगावच्या भजनी मंडळांत असते. १९४० मध्ये आकाशवाणीने परकी आणि बेसूर ठरवून पेटीला दाराबाहेर काढले, ते दार पुन्हा किलकिले व्हायला तीस वर्षे लागली. पण कुठल्याही देवळाने हा हुकूम मानला नाही.

अडचण आहे ती बांधणीची. वाद्यवृंदाची रचना दोन हातांत बसवणे हे वेगळे कसब आहे. हातपेटीवर डावा हात भात्यात अडकतो, उरतो एकच हात. पायऑर्गनवर दोन्ही हात मोकळे, त्यामुळे डाव्याने स्वरसंवाद धरून उजव्याने धून चालवता येते. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ची जगप्रसिद्ध हाक घ्या. नांदेडचा कुठलाही पेटीवाला ती एका दमात लिहून देईल: पंचम आणि वरचा षड्ज यांत पाच स्वरांचा झोका, मग उत्तरादाखल कोमल गंधार, मध्यम, षड्ज. स्वर सोपे. पण मुळात ती हाक एकदा बासरीसारख्या वाद्यावर येते, एकदा माणसाच्या गळ्यातून, आणि हे रंग ऑर्गनवर कुठून आणायचे? सप्तक बदलून, खुंट्या ओढून-ढकलून, भात्याचा दाब कमी-जास्त करून. घोड्याच्या टापांचा ठेका तर आणखी अवघड, कारण जड पट्टी उशिरा बोलते आणि घाईत स्वर गिळला जातो. अशा वेळी टापा कमी करून त्यांतली वजनदार तेवढी ठेवायची, हा निर्णय वादकाचा. मोरिकोनेने स्वतः ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’मध्ये पडक्या चर्चमधल्या प्रसंगाला खिशातल्या घड्याळाच्या नाजूक किणकिणाटानंतर एकदम चर्चचा मोठा ऑर्गन सोडला आहे. तो भाग तर ऑर्गनसाठीच लिहिलेला.

उलट, काही चाली आपल्या वादकाच्या बोटांत आधीच आहेत. ‘अमेझिंग ग्रेस’ पाच स्वरांची, आणि ते पाच स्वर भूपाचेच. चालही तिनाच्या वजनाची. भूप म्हणून आलापी करायचा मोह मात्र आवरावा. ही धून साधेपणावर उभी आहे, तानेने ती मोडते.

आजचे चित्र काय? लग्नाच्या वरातीत, गणपतीत, ऑर्केस्ट्रात कीबोर्डवाला असतोच आणि त्याचा कान बहुतेकदा उत्तम असतो. पण काम असे की तयार ठेक्याचे बटण दाबायचे, डाव्या हाताने एक पट्टी धरली की उरलेले यंत्र वाजवते. बासही तेच, तालही तेच, गिटारही तेच. पोटासाठी हे करणाऱ्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही; रात्री अकराला वरात थांबवून कुणी स्वरसंवादाचा विचार करत नाही. दोष आहे तो हेच कसब शिकवण्याची आणि दाखवण्याची दुसरी जागा न देण्याचा. संगीत विद्यालयांत पेटी शिकवतात ती मुख्यतः साथीसाठी किंवा राग वाजवण्यासाठी. एखादी धून घेऊन तिची आपल्या वाद्यावर, स्वतःच्या डोक्याने, कागदावर बांधणी करा, असा स्वाध्याय क्वचितच मिळतो.

तशी जागा सहज करता येईल. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतली महाविद्यालये येतात आणि युवक महोत्सव हा त्यांचा वार्षिक जल्लोष. तिथे पाश्चात्य संगीत म्हटले की गिटार किंवा इंग्रजी गाणे एवढेच डोळ्यांपुढे येते. पेटी वा पायऑर्गन घेऊन बसलेल्या विद्यार्थ्यालाही तिथे मान मिळावा. अट एकच असावी, बांधणी त्याची स्वतःची हवी आणि यंत्राचा ठेका बंद हवा. जुने पायऑर्गन नाट्यमंडळींकडे, चर्चमध्ये, क्वचित वाड्यांत धूळ खात पडले असतील तर ते शोधून दुरुस्त करण्याचे काम महाविद्यालयांच्या संगीत विभागांनी घ्यावे. भात्याचे चामडे आणि पट्ट्यांचा मेळ एवढे पाहिले की बरेचसे पुन्हा बोलू लागतील.

परीक्षकांपुढे एक पेच राहील. लातूरच्या मुलाने लिओनेच्या त्या स्थानकाची धून निवडली, तर आधीच्या शांततेला गुण कसे द्यायचे?