विश्लेषण : ससा नको, पिशवी चालेल, पण आधी वही उघडा

जत्रेचा हंगाम आला की कारवान कुत्र्यांच्या शर्यतीचा विषय निघतोच. हे कुत्रं नजरेनं सावज हेरून धावतं. पण त्याच्यापुढे जिवंत ससा सोडला तर तो खेळ राहत नाही, गुन्हा होतो. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 रानातल्या सशालाही लागू आहे. करमणुकीसाठी एका जनावराला दुसऱ्याचं भक्ष्य करणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही गुन्हाच.

'बैलगाड्याला चालतं, मग कुत्र्याला का नाही?' असं काही जण विचारतात. उत्तर सोपं आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये राज्याची जी कायदा दुरुस्ती वैध ठरवली, ती फक्त बैलगाडा शर्यतीपुरती आहे.

अमेरिकेत यावर वाट निघाली आहे. मोटरने ओढलेल्या दोरीला प्लास्टिकची पिशवी बांधतात आणि कुत्री तिच्यामागे धावतात. तीन कुत्री एकत्र सुटतात. ओळखायला पिवळी, गुलाबी, निळी झूल. पंच वेगासोबत चपळाई आणि दमही बघतात.

मात्र खरा भार स्पर्धेच्या सचिवावर असतो. नोंदणी, वयाची खात्री, चिठ्ठ्या टाकून गट, गुणांचा हिशेब त्याच्याकडे. लंगडणारं किंवा माजावर आलेलं कुत्रं हजेरीलाच बाद होतं.

आपल्याकडे नुसती पिशवी बांधून भागणार नाही. तहसील आणि पोलिस ठाण्यात आधी लेखी विचारा, पशुवैद्यक मैदानावर ठेवा, वाटेतले दगड, तारा काढा. वहीत नोंद नसेल, तर पाय मोडलेल्या कुत्र्याची जबाबदारी घ्यायला कुणीच पुढे येत नाही.