'माझा परिसर' निबंध फळ्यावर लिहून देऊ नका



तिसरी-चौथीला 'माझा परिसर' हा निबंध दिला की सगळ्या वह्यांमध्ये एकच परिसर उतरतो. तिथे हिरवीगार झाडं असतात, पक्ष्यांची किलबिल असते, एक देऊळ, एक बाग, आणि सगळे लोक गुण्यागोविंदाने राहतात. वही लालबागच्या मुलाची असो की लातूरच्या, फरक नाही. कारण तो निबंध मुलांनी लिहिलेलाच नसतो. फळ्यावरून उतरवलेला असतो, नाहीतर आईच्या मोबाईलमधून. माझं स्पष्ट मत आहे की हा निबंध आपण बंद करावा. मूल पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीबद्दल लिहायला बसतं आणि आपण त्याला खोटं लिहायला शिकवतो.

मी शिकवते तो भाग लालबाग-परळचा, म्हणजे जुनं गिरणगाव. इथली मुलं गिरणगाव हा शब्द गणपतीच्या दिवसांत मंडपातल्या भाषणात ऐकतात. पण अर्थ विचारा. "गिरणी कामगार म्हणजे कोण?" यावर वर्गातून ठामपणे उत्तर येतं, "दळण दळणारे!" हसू नका. त्यांच्या जगात गिरणी म्हणजे पिठाचीच. कोपऱ्यावर एक आहे, डबा घेऊन ती जातात. ज्या मुलाचे आजोबा साचेखात्यात होते, त्याचंही उत्तर हेच असतं. चूक मुलाची नाही. त्याने चिमणीतून धूर निघताना पाहिला नाही, भोंगा ऐकला नाही, पाळी सुटल्यावर रस्ताभर माणसंच माणसं झालेली पाहिली नाहीत. आणि कुणी सांगितलंही नाही.

मुंबईत कापडगिरणीचा उद्योग सुरू झाला तो १८५४ मध्ये, कावसजी दावर यांच्या कंपनीपासून. पुढे परळ, लालबाग, लोअर परळ, वरळी, भायखळा या पट्ट्यात गिरण्या वाढत गेल्या. साठच्या आसपास गिरण्या आणि अडीच लाखांच्या घरात कामगार असताना १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतल्याचं कधी जाहीरच झालं नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद पडल्या. पुढचं आपल्या डोळ्यांसमोर आहे. फिनिक्स मिलचा मॉल झाला, तिची चिमणी आज त्या मॉलच्या आवारात शोभेला उभी आहे. कमला मिलमध्ये कचेऱ्या आणि हॉटेलं आली. २०१७ च्या डिसेंबरात तिथल्या आगीत १४ माणसं गेली. दादरच्या इंदू मिलची, म्हणजे इंडिया युनायटेड मिल नंबर सहाची, जागा डॉ. आंबेडकरांच्या स्मारकाला मिळाली. एकाच धंद्याच्या जमिनी, पण प्रत्येकीचं पुढे वेगळं काहीतरी झालं. चौथीच्या मुलाला हे समजतं. 'आधी काय होतं, आता काय आहे' असा दोन रकान्यांचा तक्ता त्याला कुठल्याही गोष्टीपेक्षा लवकर जमतो.

आता रस्त्यांची नावं बघा. पाटीवर ना. म. जोशी मार्ग, आजीच्या तोंडात डिलाईल रोड. पाटीवर साने गुरुजी मार्ग, टॅक्सीवाला म्हणतो आर्थर रोड. सेनापती बापट मार्गाला आमच्याकडे अजून तुळशी पाईप रोड म्हणणारी माणसं आहेत. मुलांना वाटतं हे वेगवेगळे रस्ते आहेत. ते एकच आहेत हे कळलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो, "बाई, मग जोशी कोण?" हा प्रश्न आला की धडा आपल्या हातात आला समजा. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली, कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली. त्याच संस्थेचं परळचं दामोदर नाट्यगृह. तिथेच १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेसाठी डॉ. बाबासाहेबांनी बैठक घेतली होती आणि तिथेच सभेचं कार्यालयही होतं. बाबासाहेब जवळच बी.आय.टी. चाळीत राहायचे. एका पाटीपासून एवढं निघतं. आणि आपण मुलांना काय लिहायला लावतो? 'माझ्या परिसरात एक सुंदर बाग आहे.'

स्टेशनांची तर गंमतच आहे. करी रोडचा खाण्याच्या करीशी संबंध नाही, ते रेल्वेच्या एका जुन्या इंग्रज अधिकाऱ्याचं नाव. कॉटन ग्रीनला कापसाचा बाजार होता. एल्फिन्स्टन रोडचं २०१८ मध्ये प्रभादेवी झालं. आज चौथीत असलेल्या मुलाने जुन्या नावाची पाटी पाहिलेली आठवण्याची शक्यताच नाही, पण घरी बाबा अजून 'एल्फिन्स्टनला उतरलो' म्हणतात.

त्याच स्टेशनच्या अरुंद जिन्यावर २९ सप्टेंबर २०१७ ला चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं मेली. हे मुलांना सांगावं का, असं मला एका पालकांनी विचारलं. सांगावं, असं मला वाटतं. घाबरवून नव्हे. गिरण्यांच्या जागी टोलेजंग कचेऱ्या आल्या, रोज येणारी माणसं वाढली, आणि जिना तेवढाच राहिला, हे कारण सांगून. यात मुलाला न समजण्यासारखं काहीच नाही. मधल्या सुट्टीत जिन्यावरून सगळे एकदम सुटले की काय होतं, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो गणिताचा भाग. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरणीची जमीन विकसित करताना साधारण तीन वाटे ठरले होते. एक वाटा मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची न होता फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या तुकड्याची, असं झालं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००६ मध्ये बदललेला नियम कायम राहिला. हे वाचायला किचकट आहे, पण फळ्यावर बारा चौकोनांची एक गिरणी काढा. नऊ चौकोनांवर शेड, तीन मोकळे. पहिल्या नियमाने तिघांना चार-चार चौकोन. दुसऱ्या नियमाने फक्त तीन मोकळे चौकोन वाटायचे, प्रत्येकाला एक. शेडचे नऊ मालकाकडेच, म्हणजे त्याचे झाले दहा. (आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, एखाद्या खऱ्या गिरणीचे नाहीत.) एक तृतीयांश कशाचा, हे विचारल्याशिवाय अपूर्णांकाला अर्थ नसतो, हे मला भाकरी-संत्र्याच्या उदाहरणांनी कधी इतकं नीट शिकवता आलं नव्हतं. या तासाला मागच्या बाकावरून प्रश्न आला, "म्हणजे आपलं मैदान त्या एका चौकोनात गेलं?" मी 'हो' किंवा 'नाही' म्हटलं नाही. पण प्रश्न बरोबर होता.

आता दुसरी बाजू. जुनं ते सगळं सोनं होतं असं मुलांच्या गळी उतरवणं मला तितकंच चुकीचं वाटतं. गणपतीच्या भाषणांत चाळ म्हणजे प्रेम, जिव्हाळा, उघडी दारं. असेल. पण बी.डी.डी. चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक, आणि गावाहून आलेला प्रत्येक भाचा-पुतण्या त्याच खोलीत. कापसाच्या तंतूंनी छाती भरलेले, आयुष्यभर खोकणारे आजोबा काही मुलांनी स्वतः पाहिलेत. त्याच चाळींच्या जागी आता ५०० चौरस फुटांची घरं मिळतायत, वरळीत २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ घरांचा ताबा दिला गेला. ज्या आईने वीस वर्षं पहाटे रांग लावून पाणी भरलं, तिला स्वतःच्या घरात नळ आल्याचा आनंद होणारच, आणि तिच्या मुलाने तो निबंधात लिहावा. 'आधीचं चांगलं होतं' असं लिहिल्यावर बाई जास्त गुण देतात, असं मुलांना वाटता कामा नये. मुलं फार हुशार असतात हो, आपल्याला काय हवंय ते बरोबर ओळखतात.

आणि काहींच्या वाट्याला दोन्ही आलं नाही. कुणाला पनवेलच्या पुढे कोनला घर लागलं. कुणाला शेलू-वांगणीची घरं देऊ केली, तेव्हा 'आम्हाला मुंबईतच हवं' म्हणून म्हातारे कामगार आझाद मैदानात बसले. वर्षाच्या मध्येच एखादं मूल दाखला घ्यायला येतं, तेव्हा परिसर बदलतो म्हणजे काय ते वर्गाला त्या रिकाम्या जागेवरून कळतं.

पालक विचारतात, हे परीक्षेला येणार का? मी म्हणते, डी.एड.ला आपण सगळ्यांनी पाठ टाचणात 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे सूत्र लिहून लिहून वह्या भरल्या. मुलाला ज्ञात काय आहे? नाका, पूल, भारतमाता सिनेमा, चिवडा गल्ली, मसाला कुटणाऱ्या डंखांचा ठसका, आणि १९२६ पासून उभं असलेलं केईएम, जिथे वर्गातल्या कितीतरी जणांचा जन्म झालाय. ते सोडून आपण थेट 'पर्यावरणाचे संतुलन' या शब्दांपासून सुरुवात करतो. निबंध परीक्षेला येतोच. ज्याने स्वतःचा रस्ता एकदा नीट पाहिला, त्याच्याकडे दहा ओळी स्वतःच्या असतात. पाठ केलेल्याची तिसरी ओळ विसरली की पुढचं सगळं जातं.

अडचणी आहेत, मान्य. चाळीस मुलं घेऊन इथल्या फूटपाथवर चालणं सोपं नाही, कारण फूटपाथ बऱ्याच ठिकाणी नाहीच. लालबागचा उड्डाणपूल २०११ मध्ये आला, त्याखालची वाहतूक काही कमी झालेली नाही. म्हणून मी लांब जात नाही. शनिवारी सकाळच्या शाळेत दहा-दहांचे गट, सोबत दोन पालक, शाळेच्या फाटकापासून नाक्यापर्यंत आणि परत, एवढंच. प्रत्येक गटाला तीनच प्रश्न. या दुकानाच्या आधी इथे काय होतं? तुम्ही पत्ता सांगताना कशाची खूण सांगता? तुम्ही लहान असताना इथे कोणता आवाज यायचा? उत्तरं दुकानदार, वॉचमन, बाकावर बसलेले आजोबा देतात. तिसऱ्या प्रश्नाला जवळजवळ प्रत्येक म्हातारं माणूस थांबतं, आणि मग 'भोंगा' म्हणतं. खूण विचारली तर कितीतरी वेळा आता नसलेल्या वस्तूची सांगतात. पडलेल्या चिमणीची, बंद झालेल्या खानावळीची. मुलांना हे भारी आवडतं. नसलेल्या वस्तूवरून पत्ता! एका मुलीने वहीत लिहिलं, 'आमच्या घराची खूण म्हणजे जिथे आधी गिरणी होती तिथे.' शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. मी चारही दुरुस्त केल्या आणि वाक्य तसंच ठेवलं.

यंदा आम्ही पुलांचं पान करतोय. लोअर परळचा डिलाईल पूल २०१८ मध्ये बंद झाला आणि पूर्ण सुरू व्हायला २०२३ उजाडलं. एल्फिन्स्टनचा शंभर वर्षांहून जुना पूल सप्टेंबर २०२५ मध्ये बंद करून पाडायला घेतला. परळहून पलीकडे जायला आधी कोणता रस्ता होता आणि आता कोणता वळसा, याचे नकाशे मुलं काढतायत. पण पूल दाखवायला आमच्याकडे फोटो कमी आहेत. तुमच्या घरी लग्नाच्या वरातीचा, गणपती आणताना काढलेला, शाळेच्या पहिल्या दिवसाचा एखादा जुना फोटो असेल, तर माणसांच्या मागे काय दिसतंय ते एकदा बघा. पुलाचा कठडा, दुकानाची पाटी, चिमणीचं टोक, काहीही चालेल. मूळ फोटो देऊ नका, मोबाईलवर काढून मुलाजवळ द्या, आणि मागे साल माहीत असेल तर लिहून पाठवा.